सोलापूरची भाकरी कोचीला सादळते तेव्हा

प्रश्न थोडक्यात असा आहे. जुळे सोलापूर भागात वाढलेली २४ वर्षांची मुलगी जूनमध्ये नोकरीसाठी कोचीला गेली. राहण्याच्या ठिकाणीच जेवण मिळते आणि खोलीत इंडक्शन शेगडी वापरायला परवानगी आहे. दोन्ही वेळा भात असतो, खोबरेल तेलाचा वास सहन होत नाही, पोट साफ होत नाही आणि ४ महिन्यांत वजन ५६ किलोवरून ५४ वर आले आहे. आईने पाठवलेली कडक भाकरी आठवड्यात मऊ पडून तिला बुरशी आली आणि शेंगा चटणीला खवट वास येऊ लागला. घरच्या जेवणासाठी रडू येणे हा दुबळेपणा आहे का, यावर काही व्यवहारी उपाय आहे का, की सरळ परत यावे, असे तिने विचारले आहे.

दुबळेपणाचा प्रश्न आधी बाजूला काढते, कारण त्याचे उत्तर छोटे आहे. वासाची संवेदना मेंदूत जिथे पोहोचते त्या भागाचा भावना आणि स्मरण सांभाळणाऱ्या भागांशी फार जवळचा संबंध असतो. म्हणून लसूण-जिऱ्याच्या फोडणीचा वास आला की घर आठवते, आणि तो कित्येक आठवडे आलाच नाही की काहीतरी हरवल्याची जाणीव ताटावर बसल्यावरच सर्वांत तीव्र होते. माणसांची आणि भाषेची आठवण कामाच्या गडबडीत दिवसभर दबून राहते, पण जेवायला दिवसातून दोन-तीनदा बसावेच लागते. पुणे, हैदराबाद, बंगळुरू अशा ठिकाणी गेलेली सोलापूरची मुले आणि त्यांचे पालक माझ्याकडे सल्ल्यासाठी नेहमी येतात. त्यांत मित्रांच्या गराड्यात रमलेली, एरवी कशानेही न डगमगणारी मुलेही असतात आणि तीही फोनवर आईचा कुकर वाजला की गप्प होतात. तेव्हा रडू येण्याचे काहीच विशेष नाही. ते किती काळ टिकते आणि जेवणाखेरीज आणखी कशाकशावर पसरते, एवढेच पाहायचे असते. त्याविषयी पुढे लिहिते.

पोटाची तक्रार मात्र आठवणीची नाही, ती हिशेबाची आहे. १०० ग्रॅम ज्वारीत सुमारे १० ग्रॅम तंतुमय पदार्थ असतात. पॉलिश केलेल्या पांढऱ्या तांदळात तेच प्रमाण ३ ग्रॅमच्या आत येते. घरी तुम्ही दिवसाला ४ भाकरी खात असाल आणि एका भाकरीला साधारण ५० ग्रॅम पीठ धरले, तर एकट्या ज्वारीतून तुम्हाला २० ग्रॅमच्या आसपास तंतू मिळत होते. तेवढ्याच वजनाच्या पांढऱ्या तांदळातून ६ ग्रॅमही मिळत नाहीत. त्याच्या जोडीला मटकीची उसळ, शेंगदाण्याची चटणी, कच्चा कांदा, हरभऱ्याची किंवा मेथीची पालेभाजी हे सारे एकदम थांबले. अशा वेळी शौचाला त्रास होणे, जेवण भरपूर होऊनही दोन तासांत पुन्हा भूक लागणे, सायंकाळी बिस्किटांचा पुडा संपणे हे सगळे ओळीने होते. घरचे याला ‘तिकडचे पाणी बाधले’ म्हणतील. पाण्याला दोष देण्याआधी ताटातले तंतू मोजावेत, असे मी सुचवेन.

आता मूळ मुद्द्याकडे वळते. गाव सोडलेल्या माणसाला एकतर ‘राहशील तसे खायला शीक’ असे सांगितले जाते, नाहीतर घरचे दर महिन्याला अख्खे स्वयंपाकघर बांधून पाठवू पाहतात. सोलापूरच्या माणसासाठी मला हे दोन्ही सल्ले चुकीचे वाटतात, कारण आपले जेवण कमी पावसाच्या मुलखात घडलेले आहे. रब्बीची ज्वारी काळ्या जमिनीत मुरलेल्या ओलाव्यावर आणि हिवाळ्यातील दवावर येते. भाजीपाला वर्षभर मिळेलच याची खात्री पूर्वी नव्हती. म्हणून शेंगदाणा, जवस, कारळे यांच्या कोरड्या चटण्या, सांडगे, वाळवलेली गवार, काळा मसाला, येसर आणि कडक भाकरी ही तजवीज घरोघरी होत गेली. टिकवणे हेच या स्वयंपाकाचे शास्त्र आहे, आणि त्यामुळे आपले निम्मे ताट प्रवासाला आधीपासून तयार असते. ही सोय कोकणातून सोलापूरला बदली होऊन आलेल्या माणसाला नसते. ताजे मासे आणि ओला नारळ यांवर उभे असलेले त्याचे जेवण टपालाने येऊ शकत नाही. आपल्या ताटाचा उरलेला अर्धा भाग मात्र तसाच हंगामी, ताजा आणि शेताच्या बांधावरचा आहे. घरून मागवायचे ते पहिल्या भागातले. दुसऱ्या भागाची रोजची जागा कोचीत मिळणाऱ्या ताज्या अन्नाने भरायची आणि त्याची खरी चव घरी येऊनच घ्यायची.

तुमचे पार्सल का बिघडले, याचे कारणही याच ठिकाणी आहे. सोलापूर जिल्ह्यात वर्षाचा पाऊस साधारण ५०० ते ७०० मिलिमीटर पडतो, कोचीत तो ३००० मिलिमीटरच्या आसपास जातो, आणि तुम्ही तिकडे गेलात तीच पावसाळ्याच्या तोंडावर. कोरड्या हवेत उघड्या टोपलीत महिनाभर राहणारी वस्तू दमट हवेत नेताना तिची बांधणी बदलावी लागते. आईने प्रेमाने जाड कापडात गुंडाळून पाठवली असणार. सोलापुरात ते अगदी योग्य ठरले असते.

कडक भाकरीचे सांगायचे तर ती विजयपूर, कलबुर्गी, बीदर आणि सोलापूर या सगळ्या पट्ट्याची आहे. पातळ भाकरी भाजून झाल्यावर मंद आचेवर दाबत दाबत तिच्यातील पाणी जवळजवळ पूर्ण घालवले, तरच ती टिकते. घरी कधीमधी करणाऱ्यांच्या भाकरीचे काठ कडक होतात आणि मध्यभागी थोडा ओलावा राहून जातो. तो हाताला कळत नाही, बुरशीला मात्र बरोबर कळतो. त्यामुळे पाठवण्यापूर्वी प्रत्येक घाण्यातली एक भाकरी मधोमध मोडून पाहावी. आवाज करून तुटली तर ठीक, वाकून तुटली तर सगळा घाणा पुन्हा तव्यावर ठेवावा. दुसरी काळजी गार करण्याची. भाकरी किंचित कोमट असताना पिशवी बंद केली तर आतली वाफ पिशवीतच पाणी होऊन बसते. रात्री केलेल्या भाकरी सकाळी, पूर्ण गार झाल्यावर, जाड प्लॅस्टिकच्या पिशव्यांत पाच-पाच अशा भरून हवा काढून बंद कराव्यात आणि मग खोक्यात ठेवाव्यात. तुम्ही तिकडे एका वेळी एकच पिशवी उघडायची, ती घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात ठेवायची आणि दोन दिवसांत संपवायची.

भाकरी नुसती सादळली असेल, तर मंद आचेवर तव्यावर दोन्ही बाजूंनी दोन-तीन मिनिटे ठेवली की पुन्हा कडक होते. बुरशीचा ठिपका दिसला, तर मात्र तेवढा भाग खरवडून उरलेली खाऊ नये. ती पिशवीच टाकून द्यावी. प्रवासात चुरा झाला तर हळहळू नये, कारण कुस्करलेली कडक भाकरी आमटीत, ताकात किंवा दह्यात भिजवून वर शेंगा चटणी घालून खाण्याची पद्धत आपल्याकडे आहेच, आणि कोचीच्या सांबारातही ती उत्तम भिजते. माझे स्पष्ट मत असे आहे की, पार्सलसाठी भाकरी घरचीच हवी हा हट्ट सोडावा. सोलापुरात बचत गटांच्या स्त्रिया आणि छोट्या उद्योगांतील कारागीर बायका रोज शेकडो कडक भाकरी करतात. त्यांच्या हाताची जाडी एकसारखी असते आणि सगळ्या भाकरी सारख्याच वाळतात. आईला चटणीचा मसाला करू द्यावा, भाकरी विकत घ्यावी.

शेंगा चटणीचे दुखणे वेगळे आहे. शेंगदाण्यात वजनाच्या ४० टक्क्यांहून अधिक तेल असते. सोलापुरी चटणी उखळात कुटून ते तेल बाहेर काढूनच केली जाते. मुठीत दाबली की तिचा गोळा व्हावा लागतो, आणि तीच तिची ओळख आहे. पण बाहेर आलेल्या तेलाला हवा, उजेड आणि उष्णता लागली की ते खवट होऊ लागते. त्यात ओला लसूण कुटलेला असेल तर त्याचे पाणीही चटणीत उतरते. म्हणजे चव देणारी कृतीच तिचे आयुष्य कमी करते. यावर साधा मार्ग असा की, चटणी न पाठवता चटणीचा ऐवज पाठवावा: खमंग भाजून, गार करून, घट्ट बंद केलेले अख्खे शेंगदाणे आणि वेगळ्या पुडीत तिखट, भाजलेले जिरे व मीठ यांचे मिश्रण. लसूण कोचीत कुठेही मिळतो. छोटा लोखंडी खलबत्ता एकदाच नेऊन ठेवावा आणि रविवारी आठवड्यापुरती चटणी कुटावी. मिक्सर वापरायचा असेल तर तो एकसारखा फिरवू नये, थांबत थांबत फिरवावा. नाहीतर एकदम भुकटी होते किंवा लोणी सुटते. तयार चटणीच हवी असेल तर १०० ग्रॅमची पाकिटे मागवून फ्रीजमध्ये ठेवावीत.

एक गोष्ट ठामपणे सांगते. शेंगदाण्याला कडवट किंवा कुबट वास येत असेल, दाणे काळपट किंवा हिरवट पडले असतील, तर ते पुन्हा भाजून वापरू नयेत. दमट हवेत शेंगदाण्यावर वाढणाऱ्या काही बुरशी अफ्लाटॉक्सिन नावाचे विष तयार करतात. ते यकृताला घातक असते आणि घरच्या भाजण्या-तळण्याने नाहीसे होत नाही. घरून आलेले अन्न टाकताना जीव तुटतो हे मला समजते, पण येथे काटकसर नको.

ज्वारीचे पीठ पाठवण्याची घाई करू नये. दळल्यावर कोंब आणि कोंड्यातील स्निग्धांश मोकळा होतो आणि दमट, उबदार हवेत पीठ काही आठवड्यांत कडवट होऊ लागते. जुन्या पिठाची विरीही जाते. थापताना कडा चिरतात आणि नवशिक्या मुलीला वाटते की आपल्या हातालाच जमत नाही. आणायचीच असेल तर २ किलो ज्वारी अख्खी आणावी आणि लागेल तशी मिक्सरमधून दळून चाळावी. मोहोळच्या संशोधन केंद्रात निवडलेली मालदांडी ३५-१ किंवा भौगोलिक मानांकन मिळालेली मंगळवेढ्याची ज्वारी मिळाली तर फरक जाणवतो. तामिळनाडूत ज्वारीला चोळम म्हणतात, केरळात मात्र त्या नावाने बहुधा मका समजतात, तेव्हा दुकानात त्या नावाने विचारताना धान्य पाहून घ्यावे. तिची भाकरी तितकी पांढरी आणि गोड होईलच असे नाही, पण पोटाचे काम ती तेवढेच करते. मट्टनचेरीत गुजराती आणि कोकणी कुटुंबे पिढ्यान् पिढ्या राहत आहेत. त्या भागातील किराणा दुकानांत शेंगदाणे, गूळ, बाजरीचे पीठ असले जिन्नस सापडण्याची शक्यता इतर भागांपेक्षा अधिक आहे, म्हणून एका सुट्टीच्या दिवशी तिकडे फिरून यावे.

ज्वारीत गव्हासारखे ग्लुटेन नसते, म्हणून पीठ बांधून ठेवायला गरम पाण्याने फुललेला स्टार्च लागतो. आपल्याकडे आधण घालून पीठ मळतात ते याचसाठी. इंडक्शनवर सपाट बुडाचा लोखंडी तवा चालतो. भाकरी थापता येत नसेल तर उकडीचे पीठ मळून पोळीसारखी लाटावी, आणि विस्तवावर फुगवायची सोय नसल्याने तव्यावरच फडक्याने दाबून फुगवावी. तरीही खोलीत राहणाऱ्या एकट्या मुलीला मी पहिल्याच महिन्यात भाकरीच्या मागे लागू नका असे सांगते. कामावरून थकून आल्यावर तीन भाकरी चिरल्या की दुःख कमी होत नाही, वाढते.

त्याऐवजी आंबील करावी. दोन मोठे चमचे ज्वारीचे पीठ वाटीभर आंबट ताकात रात्री कालवून ठेवावे. सकाळी दोन वाट्या पाणी उकळून त्यात हे मिश्रण सतत ढवळत ओतावे. चांगले शिजून दाटसर झाले की ठेचलेला लसूण, जिरेपूड आणि मीठ घालावे. पंधरा मिनिटांत नाश्ता होतो, त्यात ज्वारी असते, ताक असते, आणि खोलीत पसरणारा वास आपल्या घरचा असतो. पोट साफ होण्याच्या दृष्टीने सकाळी घेतलेली ही गरम आंबील चहा-बिस्किटांपेक्षा किती तरी बरी. असाच दुसरा आधार येसरचा आहे. भाजलेली धान्ये, डाळी आणि मसाले एकत्र दळलेले हे पीठ कोरडे असल्याने चांगले टिकते, आणि उकळत्या पाण्यात कालवून सोडले की फोडणी देऊन किंवा न देताही आमटी तयार होते. काळा मसाला अगदी लहान बाटलीत न्यावा. वसतिगृहाच्या सपक डाळीत अर्धा चमचा मसाला आणि लसणाची चमचाभर फोडणी पडली की तीच डाळ घरच्यासारखी लागू लागते. मसाल्याच्या बाबतीत मी सढळ आहे, कारण तो पोटात जातो चिमूटभर आणि काम करतो ताटभर.

आता ताटाचा दुसरा भाग. खोबरेल तेलाबद्दल बोलायचे तर केरळात पुष्कळ पदार्थांवर शेवटी कच्चे खोबरेल सोडतात, आणि तुम्हाला जो वास टोचतो तो बहुधा त्याचाच आहे. स्वयंपाक करणाऱ्या बाईंना तुमच्या वाटणीवर वरचे तेल न घालण्याची विनंती करावी. फोडणीत शिजलेल्या तेलाचा वास इतका जाणवत नाही. वाफवलेले पदार्थ सुरुवातीला सोपे जातात. पुट्टू आणि कडला, म्हणजे तांदळाच्या पिठाचा वाफवलेला पदार्थ आणि काळ्या हरभऱ्याची उसळ, हा नाश्ता तुमच्या पोटाला हवा तसाच आहे. काही ठिकाणी तो नाचणीचाही मिळतो. कंजी आणि चेरुपयर ही पेज आणि हिरव्या मुगाची उसळ आहे. चीरा तोरन म्हणजे लाल माठाची, खोबरे घातलेली परतलेली भाजी. भातात निवड असेल तर पांढऱ्याऐवजी मट्टा तांदूळ घ्यावा; तो उकडा, तांबूस आणि कोंडा काही प्रमाणात राखलेला असतो. ज्वारीची बरोबरी तो करत नाही, पण पॉलिश केलेल्या तांदळापेक्षा निश्चित चांगला. आणि तिखटाची तहान भागवायला चम्मंदी पोडी मागावी. भाजलेले खोबरे, लाल मिरची, चिंच, कढीपत्ता यांची ती कोरडी चटणी आपल्या जेवणावर वाढलेल्या कोणालाही परकी वाटणार नाही. नव्या चवीला जीभ एका घासात होकार देत नाही. लहान मुलांवरच्या अभ्यासांत तोच पदार्थ आठ-दहा वेळा चाखल्यावर आवड वाढल्याचे दिसते, आणि मोठ्यांचेही फार वेगळे नसते. म्हणून एका वेळी एकच नवा पदार्थ, थोडासा, आणि सोबत शेंगा चटणीसारखी ओळखीची एक गोष्ट, असा क्रम ठेवावा.

दिवसाकाठी मूठभर भाजलेले शेंगदाणे, एक वाटी कोणतीही उसळ, एक फळ आणि पुरेसे पाणी एवढे पक्के केले तर दोन-तीन आठवड्यांत पोटाची तक्रार बरीच कमी व्हायला हवी. तंतू वाढवताना पाणी वाढवले नाही तर उलट त्रास होतो. कोचीच्या दमट हवेत घाम सुकत नाही, त्यामुळे तो किती गेला हे चटकन लक्षात येत नाही.

सवय लागण्याच्या संदर्भात आपल्या शहराकडेच पाहण्यासारखे आहे. सोलापूरच्या पूर्व भागातील पद्मशाली विणकर कुटुंबे तेलंगणातून येथे आली, आणि १८७७ मध्ये पहिली कापड गिरणी सुरू झाल्यानंतर या शहराला कामगारांची जी गरज निर्माण झाली तिने हा ओघ वाढवला. त्या कुटुंबांतील पुढच्या पिढ्यांशी आहारावर बोलताना मला एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. संक्रांतीला तांदळाच्या पिठाचे सकिनालु अजून घरी होतात, चिंचेचा पुलुसु होतो, पण रोजच्या डब्यातली भाजी शेजारच्या मराठी किंवा कन्नड घरापेक्षा फारशी निराळी राहिलेली नाही. त्यांना एक फायदा होता हेही खरे: ज्वारीची भाकरी, त्यांची जोन्न रोट्टे, त्यांच्या मूळ गावीही खाल्ली जात होती. मुख्य धान्य ओळखीचे असले की बाकीचे बदल माणूस सोसतो. तुमच्या बाबतीत नेमके मुख्य धान्यच बदलले आहे, म्हणून पहिले काही महिने तुम्हाला हैदराबादला गेलेल्या मैत्रिणीपेक्षा जड जाणारच. तिच्याशी तुलना करू नये. आणि याच कारणासाठी, दिवसातून निदान एकदा ज्वारी कोणत्या तरी रूपात पोटात जावी हा माझा आग्रह आहे; आंबील असो, कडक भाकरीचा चुरा असो, की ज्वारीच्या लाह्या असोत.

परत यावे का, याचे उत्तर जेवणावरून ठरवू नका असे मी म्हणेन, मात्र काही लक्षणे दिसली तर ते जेवणापुरते राहिलेले नाही असे समजावे. कारण नसताना सहा महिने ते वर्षभरात ५ टक्क्यांहून अधिक वजन घटणे हे वैद्यकीय तपासणीचे कारण मानतात. तुमच्या ५६ किलोचे ५ टक्के म्हणजे २.८ किलो, आणि २ किलो तर आधीच गेले आहे. दर पंधरा दिवसांनी, सकाळी, एकाच काट्यावर वजन करावे, ५३.२ च्या खाली गेले तर तेथील डॉक्टरांना दाखवावे. शौचात रक्त, ताप, वारंवार उलट्या किंवा पाळी लांबत जाणे यांपैकी काही असेल तर वजनाची वाटही पाहू नये. आणि दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप उडालेली असेल, आवडीच्या कोणत्याच गोष्टीत मन लागत नसेल, घरचे जेवण समोर आले तरी घास उतरत नसेल, तर ती भाकरीची आठवण नाही. त्यासाठी केंद्र सरकारच्या टेली-मानस सेवेला १४४१६ या क्रमांकावर फोन करावा. तेथे मराठीत बोलता येते आणि पैसे लागत नाहीत. यांपैकी काहीच नसेल, तर किमान ऋतूंचे एक पूर्ण चक्र तिकडे काढल्याखेरीज परतण्याचा निर्णय घेऊ नये, असे माझे मत आहे.

सणांचे आधीच ठरवून ठेवावे, कारण वर्षातील सर्वांत अवघड दिवस तेच असतात. दिवाळीचा फराळ टपालाने येतो, शेंगा पोळीही नीट बांधली तर आठ-दहा दिवस राहते, पण डिसेंबर-जानेवारीतले आपले खाणे कुठेही पाठवता येत नाही. येळवशीला, म्हणजे वेळा अमावस्येला, शेतात होणारी भज्जी, उंडे आणि आंबील, भोगीची लेकुरवाळी भाजी आणि तीळ लावलेली बाजरीची भाकरी, आगटीतून काढून हातावर चोळलेला गूळभेंडीचा हुरडा हे त्या शेतात आणि त्या थंडीतच खायचे असते. हुरडा गोठवून पाठवण्याची कल्पना काही पालक मांडतात. मी त्यांना नको म्हणते, कारण तो विरघळल्यावर त्याची चव जाते आणि मुलीच्या मनात उरते ती फक्त निराशा. सोलापूरकडे यायची मोठी रजा शक्य असेल तर ती मे महिन्यात न घेता संक्रांतीच्या आसपास, सिद्धेश्वर यात्रेला जोडून घ्यावी. तेव्हा हुरडा, भोगी आणि गड्ड्याची जत्रा एकाच आठवड्यात पदरात पडतात, आणि काही वर्षी येळवसही त्याच सुमारास असते.

पुण्याहून कन्याकुमारीला जाणारी एक्सप्रेस सोलापूरवरून आणि एर्नाकुलमवरून जाते, त्यामुळे गाडी न बदलता येता येते. रेल्वेचे आरक्षण सध्या ६० दिवस आधी उघडते, म्हणजे जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्याचे तिकीट नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात काढावे लागेल, आणि रजेचा अर्ज त्याआधी टाकावा. परतताना पिशवीत काय भरायचे ते आजच आईला कळवून ठेवा: पाच-पाचच्या पिशव्यांत कडक भाकरी, भाजलेले अख्खे शेंगदाणे, चटणीच्या मसाल्याची पुडी, येसर, काळा मसाला, २ किलो ज्वारी आणि तो लोखंडी खलबत्ता.